सेशेल्समध्ये कुटुंबासह शिडाच्या बोटीवर एक आठवडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती सहा ते आठ जणांच्या कुटुंबासाठी आहे. बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची, तिच्यावरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि माहे, प्रालँ, ला दीग या बेटांमध्ये फिरायचं, असा हा बेत. प्रश्न लोक ज्या क्रमाने विचारतात साधारण त्याच क्रमाने दिले आहेत.

उष्ण कटिबंधात इतकी बेटं असताना सेशेल्सच का?

अंतरं लहान आहेत म्हणून. माहेपासून प्रालँ सुमारे २५ सागरी मैल, म्हणजे ४५ किलोमीटरच्या आसपास. एवढा एकच लांबचा टप्पा. प्रालँ गाठलं की पुढची बेटं तासा-दीड तासाच्या अंतरावर असतात. सकाळी नाश्ता करून निघालं तर जेवणाच्या वेळेला पुढच्या किनाऱ्यावर नांगर पडलेला असतो. मुलांना आणि आजी-आजोबांना हाच वेग झेपतो.

दुसरं कारण वादळांचं. ही आतली बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर आहेत आणि चक्रीवादळांचा नेहमीचा पट्टा त्याहून दक्षिणेला आहे. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांची जी टांगती तलवार असते, ती इथे नाही.

कधी जावं? शाळेच्या सुट्ट्यांशी मेळ बसतो का?

दिवाळीच्या सुट्टीशी उत्तम बसतो. इथे वर्षाचे दोन मुख्य हंगाम. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून नियमित व्यापारी वारा वाहतो, बहुधा १५ ते २५ नॉट (म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल). हवा कोरडी असते, बोट शिडावर मस्त पळते, पण समुद्र उसळलेला असतो. डिसेंबर ते मार्च वायव्येकडचा वारा. तो हलका असतो, पण दमटपणा आणि पाऊस घेऊन येतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस सर्वाधिक. या दोन हंगामांच्या मधले दोन सांधे, एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, शांत असतात. पाणी नितळ, लाटा बेताच्या, तळ स्वच्छ दिसतो.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबरचा पूर्वार्ध धरावा. वारा कमी असल्याने काही टप्पे इंजिनावर जातील आणि डिझेल थोडं जास्त लागेल, पण घरातल्या निम्म्या माणसांना बोट लागण्यापेक्षा ते परवडलं. उन्हाळी सुट्टीतच जायचं असेल तर एप्रिल चांगला. मेच्या मध्यानंतर आग्नेय वारा जोर धरू लागतो. नाताळात भाडी सर्वांत चढी आणि पाऊसही भरपूर, तेव्हा दुसरा पर्याय असेल तर तो आठवडा टाळा.

व्हिसा लागतो का?

आधी व्हिसा काढावा लागत नाही. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी मात्र घ्यावीच लागते. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता त्यात द्यायचा असतो. बोटीवर राहणार असाल तर बोटकंपनीचं बुकिंगपत्र आणि बोटीचं नाव हाच पत्ता. मुंबईहून थेट विमान सुमारे साडेचार तासांत पोहोचतं, पण ते रोज नसतं. बऱ्याच बोटी शनिवार ते शनिवार अशा मिळतात, म्हणून आधी विमानाचे वार बघा, मग बोटीची तारीख ठरवा. उलट केलं की दोन रात्री हॉटेलचं भाडं अंगावर पडतं.

कॅटामरान (दोन तळांची बोट) घ्यावी की एका तळाची बोट?

कुटुंबासाठी कॅटामरान. एका तळाची बोट वाऱ्यात वीस अंश कलते, तेव्हा पातेली सरकतात, वयस्कर माणसाला संडासापर्यंत जायचीही धास्ती वाटते. कॅटामरान जवळपास सपाट राहते. ४० ते ४२ फुटी कॅटामरानमध्ये बहुधा चार डबल केबिन असतात, बऱ्याच बोटींत प्रत्येक केबिनला स्वतःचं टॉयलेट असतं. पुढे दोन तळांच्या मध्ये जाळं असतं, मुलं दिवसभर तिथून हलत नाहीत. तळ पाण्यात सव्वा मीटरच्या आसपासच बुडतो, त्यामुळे किनाऱ्याच्या जवळ नांगर टाकता येतो.

तोटे आहेत. भाडं जास्त. वाऱ्याच्या तोंडावर ती नीट चढत नाही. आणि हेलकावे मोठे नसले तरी आखूड, झटक्याचे असतात. लाट दोन तळांमधल्या भागावर खालून आदळली की तोफेसारखा आवाज होतो. पहिल्या वेळी सगळे दचकतात, पण त्यात धोका काही नाही.

स्किपर (बोट चालवणारा कप्तान) घ्यावा की बोट आपणच चालवावी?

घरात दोन अनुभवी माणसं नसतील तर स्किपर घ्या. आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा डे स्किपर किंवा त्याच्या तोडीचा परवाना असला, तरी कंपनी त्यासोबत तुमचा प्रत्यक्ष अनुभव लेखी मागते: कोणत्या लांबीची बोट, किती दिवस, कोणत्या पाण्यात. मुंबईच्या बंदरात छोट्या शिडाच्या होड्या चालवणं हा उत्तम पाया आहे, पण सात मीटरहून रुंद, दोन इंजिनांची बोट आडव्या वाऱ्यात धक्क्याला लावणं हे वेगळंच काम. परवाना एकाकडेच असेल तर आणखी एक अडचण येते. तोच माणूस आठवडाभर राबतो आणि सुट्टी बाकीच्यांची होते.

स्किपरला स्वतंत्र झोपायची जागा लागते. काही बोटींत पुढच्या टोकाला छोटी खोली असते, नसेल तर एक केबिन त्याच्यासाठी सोडावी लागते. आठ माणसं आणि चार केबिन असा हिशेब करणाऱ्यांची इथेच फसगत होते. त्याचं जेवण आपल्याकडे असतं. शाकाहारी घर असेल तर तेही आधी सांगावं, बहुतेकांची काही हरकत नसते.

एकूण खर्च कसा धरावा?

भाड्याचा आकडा म्हणजे एकूण खर्च नव्हे. ४० ते ४५ फुटी कॅटामरानचं आठवड्याचं भाडं हंगाम आणि बोटीचं वय पाहून साधारण ५,००० ते १०,००० युरोंच्या पट्ट्यात येतं. त्यावर स्किपरचं रोजचं मानधन, डिझेल, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, किनाऱ्यावर ये-जा करायची, बाहेरचं इंजिन लावलेली छोटी होडी म्हणजे डिंगी (काही कंपन्या तिचेही वेगळे पैसे घेतात), सागरी उद्यानांचं माणशी शुल्क, मुरिंगचं (बोट बांधायच्या पक्क्या तरंड्याचं) भाडं, किराणा आणि किनाऱ्यावरची जेवणं. कोटेशन मागवताना या प्रत्येक गोष्टीपुढे ‘धरलं आहे’ की ‘वेगळं’ हे लिहून घ्या.

अनामत रकमेकडे विशेष लक्ष द्या. ती काही हजार युरोंची असते आणि बोट ताब्यात घेताना क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते. त्यासाठी कार्डावर तेवढी मर्यादा शिल्लक हवी आणि परदेशी व्यवहार चालू केलेले हवेत. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर अशी रक्कम अडवणं बहुधा जमत नाही. धक्क्यावर उभं राहून बँकेला फोन लावत बसण्याची वेळ येते ती यामुळेच. रोज ठरावीक, परत न मिळणारे पैसे भरून अनामत कमी करण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ती घ्यावी. मात्र हरवलेली डिंगी, बुडालेलं तिचं इंजिन आणि निष्काळजीपणा हे बऱ्याच करारांत त्याबाहेर असतं, ते कलम वाचा. भारतातून पैसे पाठवताना बँक टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापू शकते. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण त्या वेळी रोख हाताशी लागते.

बोट ताब्यात घेताना काय तपासावं?

दोन-तीन तास राखून ठेवा आणि घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांनी सगळं ऐका. मोबाईलवर चित्रीकरण करून ठेवा, रात्री दोनला कोणता व्हॉल्व्ह कुठे हे कुणाला आठवत नाही. दोन्ही इंजिनं सुरू करून मागून पाणी बाहेर पडतंय का बघा. नांगराची मोटर खाली-वर चालवून बघा आणि तिचा ब्रेकर कुठे आहे ते विचारा. प्रत्येक टॉयलेट चालवा. डिंगीचं इंजिन तिथेच सुरू करायला लावा. लाइफजॅकेट मोजा आणि मुलांना प्रत्यक्ष घालून बघा. आधीचे ओरखडे, फाटलेलं शीड, तुटलेली कडी यांचे फोटो कंपनीच्या माणसासमोर काढा आणि यादीवर त्याची सही घ्या.

सात दिवसांत काय काय बघून होतं?

पहिल्या दिवशी फार काही नाही. बोट हाती येईपर्यंत दुपार उलटते आणि भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला मनाई असते. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सव्वासहा-साडेसहाच्या आसपास बुडतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, त्यामुळे पाचच्या सुमारास नांगर पडलेला हवा. माहेच्या ईडन आयलंड मरीनातून निघून समोरच्या सेंट ॲन सागरी राष्ट्रीय उद्यानात पहिली रात्र काढा. हे उद्यान १९७३ सालचं आहे. त्यातलं मोयेन बेट ब्रेंडन ग्रिमशॉ या इंग्रज संपादकाने १९६२ साली विकत घेतलं आणि हजारो झाडं लावून ते पुन्हा हिरवं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात ते पायी फिरून होतं.

मग प्रालँकडे. पाच-सहा नॉटने चार ते पाच तास. नकाशावर ही वाट ईशान्येकडे जाते आणि इथले दोन्ही हंगामी वारे आग्नेय किंवा वायव्येचे, म्हणजे जाताना-येताना वारा बाजूनेच मिळतो. शिडांना यापेक्षा सोपी दिशा नाही. पोटाला मात्र ती त्रास देते, कारण लाटाही बाजूनेच येतात.

क्युरियूझ बेटाला पूर्ण दिवस द्या. तिथे अल्डाब्राची महाकाय कासवं मोकळी फिरतात, खारफुटीतून लाकडी पायवाट आहे आणि पलीकडे जुन्या कुष्ठरोग वसाहतीच्या डॉक्टरचं घर आहे. कासवाच्या मानेखाली हळूच खाजवलं की ते मान ताणून चार पायांवर उंच होतं. मुलांना त्याच्या पाठीवर मात्र बसू देऊ नका. जवळच सेंट पिएर नावाचा खडक आहे, तिथे स्नॉर्केलिंग चांगलं होतं, सकाळी लवकर जा.

प्रालँवरचं वाले द मे हे १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या कोको द मेर (जोड-नारळ) या ताडाला जगातलं सर्वांत मोठं बी लागतं, एकेक वीस किलोच्या आसपासचं. आपल्याकडे साधूंच्या हातात जे काळं कमंडलू दिसतं, ते पूर्वापार याच नारळाच्या कवटीचं. बी विकत घ्यायचं तर क्रमांक आणि प्रमाणपत्र असलेलंच घ्या, नाहीतर विमानतळावर जप्त होतं.

ला दीगवर सायकली भाड्याने घ्या. आँस सूर्स दार्जाँचे गुळगुळीत गुलाबी-करडे खडक सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर बघावेत, मधल्या वेळात फेरीबोटीने आलेली गर्दी असते. बेटाच्या पूर्वेकडच्या ग्रँड आँसला आग्नेय वाऱ्यात पाण्याची ओढ जबरदस्त असते. तिथे मुलांना पाण्यात सोडू नका. फेलिसिते आणि कोको बेट उरलेल्या दिवसात होतात. परतीचा टप्पा शेवटच्या सकाळवर ठेवू नका, आदल्या दिवशी माहेजवळ परत या.

कोणत्या हंगामात कुठे नांगर टाकायचा?

वाऱ्याच्या आडोशाला. आग्नेय वाऱ्यात प्रालँचं आँस लाझियो आणि माहेचं बो व्हालाँ तळ्यासारखी शांत असतात. वायव्य वाऱ्यात तिथेच लाट थेट आत येते आणि रात्रभर डोळा लागत नाही. जुन्या फोटोंवरून मुक्काम ठरवण्यात हीच चूक होते.

रात्री नांगर सुटला तर?

नीट टाकला तर सहसा सुटत नाही, म्हणून टाकतानाच वेळ द्या. पाण्यातून फिकट दिसतो तो वाळूचा तळ, गडद दिसतं ते प्रवाळ किंवा गवत. नांगर वाळूतच टाकायचा. प्रवाळावर साखळी ओढली की दशकांची वाढ मिनिटात मोडते, शिवाय नांगरही खडकात अडकून बसतो. चार ते आठ मीटर खोली बरी. साखळी किती सोडायची याचा हिशेब असा: पाण्याची खोली पाच मीटर, पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत दीड मीटर, एकूण साडेसहा. त्याच्या पाचपट म्हणजे ३२-३३ मीटर. वारा वीस नॉटच्या वर असेल तर सातपट. भरती यायची असेल तर वाढणारी खोली आधीच धरा, उधाणाच्या दिवसांत ती दीड मीटरहून जास्त वाढते.

साखळी एका जागी ढीग करून ओतू नका, बोट हळूहळू मागे जाऊ देत सोडा. मग इंजिन मागच्या गिअरमध्ये घालून आवाज हळूहळू वाढवा आणि एक मिनिट तसंच ठेवा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खडक एका रेषेत धरून बघा. रेषा मोडत नसेल तर नांगर रुतला. शेवटी मास्क लावून पाण्यात उतरून नांगर डोळ्यांनी पाहा, हे काम थोरल्या मुलांना फार आवडतं. साखळीचा ताण मोटरवर ठेवू नका, दोन्ही तळांना बांधलेल्या दोरीच्या जोडीवर घ्या. झोपण्याआधी प्लॉटरवर (बोटीच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर) नांगराची धोक्याची घंटा लावा.

नांगर उचलताना इंजिन चालू हवं, कारण ती मोटर बॅटरीतून प्रचंड वीज खेचते. मोटरने बोट ओढायची नाही. बोट इंजिनाने पुढे न्यायची आणि सैल झालेली साखळीच फक्त उचलायची. मोटर मध्येच बंद पडली तर दहात नऊ वेळा ब्रेकर पडलेला असतो. साखळीजवळ मुलांची बोटं आणि मोकळे केस नकोत.

पाणी किती दिवस पुरतं?

घरी जेवढं वापरता तेवढं वापरलं तर एक दिवस. बोटीच्या टाक्यांत बहुधा ६०० लिटरच्या आसपास पाणी असतं. आठ माणसं, माणशी रोज २५ लिटर, म्हणजे दिवसाला २०० लिटर आणि तीन दिवसांत टाकी रिकामी. पाणी भरायला माहेचा ईडन आयलंड आणि प्रालँचं बे सेंट ॲन या जागा आहेत, म्हणून आठवड्याच्या मध्यावर बे सेंट ॲनची फेरी धरूनच ठेवा.

समुद्रात डुंबून मागच्या पायरीवर दोन-तीन लिटर गोड्या पाण्याने अंग धुवायचं, हीच आंघोळ. आतल्या शॉवरखाली तीन मिनिटांत १५ ते १८ लिटर जातात. खरकटी भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळा, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. बंदरातलं पाणी मात्र भांड्यांना वापरू नका.

एकही नळ उघडा नसताना पंपाची घरघर ऐकू आली, तर ताबडतोब पंपाचं बटण बंद करा. एक तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी संपून पंप कोरडा चालतोय. कोरडा चाललेला पंप जळतो. दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की मग पंप चालू करा.

प्यायचं पाणी वेगळं, माणशी रोज तीन लिटर. आठ जणांना आठवड्याला १७० लिटरच्या आसपास लागतं. मोठे कॅन घ्या. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असेल तर उत्तमच, पण ते भरपूर वीज खातं आणि बंदरातल्या तेलकट पाण्यात चालवायचं नसतं.

वीज आणि एसी?

बोटीवर १२ व्होल्टची वीज असते. घरासारखी वीज जनरेटर, इन्व्हर्टर किंवा धक्क्याच्या जोडणीवरच मिळते आणि एसी फक्त जनरेटर किंवा धक्क्यावर. सर्वांत जास्त वीज फ्रिज खातो. बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली गेली की तासभर इंजिन चालवा. रात्री एसीची गरज फारशी भासत नाही, कारण नांगरावर बोटीचं तोंड वाऱ्याकडेच असतं आणि वरची खिडकी उघडली की गार झोत येतो. निघताना मात्र प्रत्येक खिडकी कडी लावून बंद करा. पुढची एक उघडी राहिली की पहिल्याच मोठ्या लाटेला गादी खाऱ्या पाण्याने भिजते आणि ती आठवडाभर वाळत नाही.

घरात कुणी झोपताना श्वासाचं यंत्र लावत असेल तर रात्रभर इन्व्हर्टर चालेल का, हे बुकिंगपूर्वीच लेखी विचारा.

टॉयलेट कसं वापरायचं?

पोटातून आलेल्या गोष्टींखेरीज काहीही त्यात टाकायचं नाही. कागद, वाइप्स, सॅनिटरी पॅड, केस, काही म्हणजे काही नाही. नळी अगदी बारीक असते आणि ती तुंबली की उघडायचं काम आपल्याच कुणाच्या तरी नशिबी येतं. हातपंपाचं टॉयलेट असेल तर कळ ‘ओलं’कडे करून १०-१५ दट्टे, मग ‘कोरडं’कडे करून आणखी दहा. कंटाळा करून पाचातच थांबलं की मैला नळीत राहतो आणि तुंबण्याची सुरुवात तिथूनच होते. दट्ट्या जड जाऊ लागला तर चमचाभर खाद्यतेल ओता.

पाण्याने धुण्यासाठी बहुतेक बोटींत बेसिनचा नळच लांब होऊन बाहेर येतो, पण एक प्लास्टिकचा मग घरून नेणं शहाणपणाचं. सकाळी पहिल्या पाण्याला कुजका वास आला तर घाबरू नका. नळीत रात्रभर अडकलेल्या समुद्री पाण्यातले सूक्ष्मजीव मरून तो येतो. मैल्याची टाकी किनाऱ्याजवळ बंद आणि खोल समुद्रात उघडी, हा नियम स्किपर नसेल तर तुम्हीच लक्षात ठेवायचा.

स्वयंपाकाचं काय? कुकर चालतो का?

चालतो. दोन-तीन शेगड्या आणि ओव्हन असतो. तीन लिटरचा कुकर घरून न्या, बोटीवर तो क्वचितच सापडतो. शेगडीवर भांडं पकडणाऱ्या पट्ट्या असतात, त्या घट्ट करा. चालत्या बोटीत तळण अजिबात नको. भजी नांगर टाकल्यावर.

आठ जणांना आठवड्याला, तीन-चार जेवणं किनाऱ्यावर होतील हे धरून, चार किलो तांदूळ, पाच किलो कणीक, दोन किलो डाळी, दोन लिटर तेल, चार-चार किलो कांदे-बटाटे पुरतात. राजधानी व्हिक्टोरियात भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-मसाले सहज मिळतात. घरून गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, भडंग, लाडू न्या. ताजी फळं, भाज्या, बिया, मांस नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. जे नेलं असेल ते फॉर्मवर लिहा. मासळी व्हिक्टोरियाच्या बाजारात सकाळी घ्या. तिथला लाल बुर्झ्वा हा आपल्या तांबोशीचा भाऊबंद, कालवणाला झकास.

किराण्याची पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडा, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. आणि स्वयंपाक झाला की गॅस शेगडीवर नव्हे, सिलिंडरच्या कळीवर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने भडकू शकतो.

बोट लागली तर?

लागण्याआधी उपाय करा, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. प्रवासासाठी आपल्याकडे लोक नेहमी घेतात त्या प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनच्या गोळ्या निघण्याच्या दोन तास आधी घ्याव्यात. दोन्हींनी झोप येते. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना द्यायचं नाही, सिनारिझिनही अगदी लहानांसाठी नाही. मुलांचा डोस आणि आजी-आजोबांच्या इतर औषधांशी मेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गोळी घरी एकदा घेऊन बघा, कोणाला किती गुंगी येते ते कळतं.

माहे-प्रालँच्या टप्प्यात सगळ्यांना मागच्या मोकळ्या भागात बसवा. नजर क्षितिजावर, मोबाईल आणि पुस्तक बंद, आत केबिनमध्ये जाणं नाही. पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. कोरडी बिस्किटं, आलेपाक चालतो. कसंतरी होतंय असं म्हणणाऱ्याला थोडा वेळ सुकाणू धरायला द्या, याचा गुण येतो. उलटी बादलीत करायची. कठड्यावरून वाकायचं नाही.

पोहता न येणारी माणसं आणि लहान मुलं येऊ शकतात का?

येऊ शकतात, नियम पहिल्याच संध्याकाळी ठरवले तर. बोट चालू असताना दहा वर्षांखालच्यांना बाहेर लाइफजॅकेट सक्तीचं, पोहता न येणाऱ्या मोठ्यांनाही. मुलांचं वजन बुकिंगच्या वेळीच कळवा, कारण लाइफजॅकेट वजनाप्रमाणे असतात. पायांमधून जाणारा पट्टा लावला नाही तर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. चालत्या बोटीत पुढे जायचं तर सांगून आणि जोडीने. रात्री लघवीला कुणीही कठड्यावर उभं राहायचं नाही. कठड्याला जाळी लावून द्या म्हणून सांगता येतं, चार-पाच वर्षांची मुलं असतील तर ती घ्याच.

आजी-आजोबांना खरी अडचण डिंगीत चढ-उताराची. त्यासाठी दोन माणसं हवीत, एक बोटीवर आणि एक डिंगीत. हात धरताना पंजा नव्हे, मनगट धरा. गुडघे दुखत असतील तर मागच्या केबिनची मागणी करा, पायऱ्या कमी पडतात.

डिंगी चालवायला काही विशेष लागतं का?

शिस्त. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला अडकवलेलीच हवी. तो पाण्यात पडला तर इंजिन तत्क्षणी थांबतं, नाहीतर मोकळी डिंगी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. पोहणाऱ्यांजवळ इंजिन बंद करून वल्ही. किनाऱ्याला लावताना भरती-ओहोटी बघा. ओहोटीला डिंगी वाळूवर कोरडी पडली तर ती ओढायला चार माणसं लागतात. रात्री वर उचलून ठेवा.

शार्क असतात का?

असतात. क्युरियूझच्या उथळ पाण्यात शार्कची पिल्लं दिसतात आणि ती माणसापासून दूर राहतात. ऑगस्ट २०११ मध्ये आँस लाझियोला दोन पर्यटक शार्कच्या हल्ल्यात मरण पावले. अशा घटना इथे फार दुर्मीळ आहेत. पोहणारे पाण्यात असताना खरकटं किंवा माशाची आतडी टाकू नका आणि संध्याकाळी अंधार पडू लागला की पोहणं थांबवा. प्रत्यक्षात त्रास होतो तो उन्हाचा, प्रवाळाच्या खरचटण्याचा आणि कानात राहिलेल्या पाण्याचा. लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट सगळ्यांना घ्या. खरचटलेलं लगेच गोड्या पाण्याने धुवा. विषारी काट्याच्या माशावर पाय पडला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपेक्षा जास्त नाही, पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.

मासे पकडता येतात का?

चालत्या बोटीमागे गळ सोडायला कंपनीची परवानगी विचारा. सागरी उद्यानांत मनाई आहे. भाल्याच्या बंदुकीने मासे मारणं संपूर्ण देशात बेकायदा आहे. शिंपले आणि प्रवाळही उचलून आणायचे नाहीत.

सामान कशात न्यावं?

मऊ पिशव्यांत. चाकांच्या कडक बॅगा ठेवायला बोटीत जागा नसते. बोटीवर अनवाणी वावरायचं असतं, म्हणून बूट कमी. डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकी एक, तीन चौकोनी पिनांचा प्लग, डासांचं मलम (मलेरिया नाही, पण डेंग्यू-चिकुनगुन्याचे डास आहेत), नेहमीची औषधं दोन ठिकाणी विभागून.

मोबाईल चालतो का?

मोठ्या बेटांजवळ स्थानिक सिमवर बहुतेक ठिकाणी चालतो. अडीअडचणीला भरवसा व्हीएचएफ रेडिओचा, चॅनेल १६. तो कसा लावायचा आणि बोटीचं नाव, ठिकाण कसं सांगायचं, हे दोन मोठ्यांना आणि कळत्या मुलांनाही शिकवा.

अनामत पूर्ण परत मिळावी म्हणून काय करावं?

काही मोडलं तर लपवू नका, त्याच दिवशी कंपनीला फोन करून सांगा. अनेक किरकोळ गोष्टी त्यांचा माणूस प्रालँला येऊन दुरुस्त करून देतो. न सांगितलेली चिरलेली नळी किंवा इंजिनाचा वाकलेला पाण्यातला पंखा शेवटच्या तपासणीत सापडला की संशयाचा फायदा मिळत नाही. तळ कुठे घासला असेल तर तेही सांगा, पाणबुड्या खाली जाऊन बघतोच. शेवटच्या दिवशी डिझेल भरून पावती ठेवा, मैल्याच्या टाक्या खोल समुद्रात रिकाम्या करून या, भांडी धुवा, कचरा धक्क्यावर द्या. तपासणीच्या वेळी पहिल्या दिवशीचे फोटो आणि सही असलेली यादी हातात असू द्या, आणि कार्डावरची रक्कम मोकळी केल्याचा कागद घेतल्याशिवाय विमानतळाकडे निघू नका.